लेसर सेलॅन्डाइन (फिकारिया व्हर्ना)

युरोप, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत ओलसर जंगलात, ओढ्याकाठी, पाणथळ कुरणात उगवणारं बुटकं पिवळं रानफूल. कुळ मोरवेलीचं, म्हणजे बचनाग पण याचाच भाऊबंद. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये याला बटरकप या दुसऱ्या पिवळ्या रानफुलाच्या गटातच टाकलं होतं, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ हडसनने १७६२ मध्ये वेगळं काढलं, आणि ते बरोबरच वाटतं, कारण बटरकपला निदलं (पाकळ्यांखालची हिरवी दलं) पाच असतात, याला बहुधा तीनच, आणि पाकळ्या सात ते बारा.

खरा वाद नावाचा. सेलॅन्डाइन हे ग्रीक ‘खेलिडॉन’वरून, म्हणजे भिंगरी पक्षी (आपल्याकडे हिवाळ्यात तारांवर ओळीने बसते ती माळभिंगरी). पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस मोठं आणि लहान अशी दोन खेलिडोनियन सांगतो, त्यातलं लहान म्हणजे हेच असं बहुतेक जण धरतात. भिंगऱ्या आल्या की उगवतं म्हणून हे नाव, असा एक अर्थ. भिंगरी पिल्लांचे आंधळे डोळे याने बरे करते, अशी दुसरी समजूत. पण इंग्लंडात फूल फेब्रुवारी-मार्चलाच येतं आणि भिंगऱ्या एप्रिलमध्ये पोचतात, मग पहिला अर्थ तिथे जुळणार कसा? ग्रीसमध्ये त्या लवकर येतात, त्यामुळे नाव तिकडचं आणि इंग्रजीत फ्रेंचमधून आयतं आलं, हेच जास्त पटतं. मोठं सेलॅन्डाइन तर अफूच्या कुळातलं, पाकळ्या चार, देठ मोडला की नारिंगी चीक. तरी गोंधळ इतका जुना की या फुलावर जीव असलेल्या वर्ड्स्वर्थ या इंग्रज कवीच्या, इंग्लंडातल्या ग्रासमिअर गावच्या चर्चमधल्या स्मारकावर चुकून मोठंच कोरलं गेलं असं सांगतात.

माती उकरली की मुळाशी शतावरीसारखा छोट्या गाठींचा झुपका निघतो. गाठी अंजिरासारख्या म्हणून फिकारिया, आणि मूळव्याधीच्या कोंबासारख्या दिसतात म्हणून तिच्यावर औषध, यावरून ‘पाइलवर्ट’. १६ गुणसूत्रांच्या झाडांना बी चांगलं धरतं. ३२ वाल्यांना कमी, पण त्यांच्या पानांच्या बेचक्यात कंदिका (रुजू शकणाऱ्या छोट्या गाठी) येतात, मे-जूनमध्ये पानं सडून गेली की त्या जमिनीवर सांडलेल्या गव्हासारख्या दिसतात आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन रुजतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात नदीकाठची स्थानिक वसंतफुलं याच्या गालिच्याखाली दबतात ती यामुळेच.

कच्च्या झाडात प्रोटोॲनिमोनिन हे विष असतं, वाळवलं किंवा शिजवलं की ते उतरतं. जर्मनीत फुलं यायच्या आधीची कोवळी पानं स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्व कमी पडून होणाऱ्या आजारावर) खायचे, तिथलं नावच ‘शारबॉक्सक्राउट’, म्हणजे स्कर्व्हीचा पाला. ढग आले की फूल मिटतं, आणि जुनी झाली की चकचकीत पाकळी पांढरी पडते.