पुढचा गेम कन्सोल आधी पडवीत ठेवून बघा

गेल्या मे महिन्यात भाचा आजोळी आला तो हातात गेम कन्सोल, म्हणजे पडदा आणि बटणं एकत्र असलेलं खेळायचं यंत्र, घेऊनच. जाताना बहिणीने तो मुद्दाम इथे ठेवायला लावला. "शाळा सुरू होतेय, राहू दे मामाकडे." कन्सोल पडवीतल्या फडताळात गेला आणि मृग लागला. गणपतीत भाच्याने तो काढून चालू केला, तर पडद्यावरचा योद्धा आपला आपण डावीकडे चालत सुटला. थेट दरीत. "मामा, मी हातपण लावला नाहीये!"

खरंच लावला नव्हता. मालवण बाजारात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इन्व्हर्टर, मोबाइल, काय येईल ते. आरती झाल्यावर स्क्रू काढले. कंपनीचं नाव सांगत बसत नाही, कारण हा आजार एका घरचा नाही.

अंगठ्याखालच्या त्या छोट्या दांडीच्या पोटात कार्बनचा मुलामा दिलेल्या दोन पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीवर एक बारीक धातूची जीभ घासत फिरते. रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं जुनं बटण असतं ना, तेच तंत्र. पट्टीच्या दोन टोकांना व्होल्टेज दिलेलं असतं आणि जीभ जिथे टेकेल तिथलं व्होल्टेज चिप वाचते. बरोबर मधोमध म्हणजे दांडी उभी, योद्धा थांबलेला. पट्टी झिजली, तिच्यावर काजळीसारखी भुकटी साचली किंवा ओल बसली, की मधोमधचा आकडा सरकतो. चिपला वाटतं, पोरगा दांडी डावीकडे दाबतोय. भिंगातून पाहिलं तर पट्टीवर काळी पूड होतीच, शिवाय बोर्डावरच्या एका पिनेच्या बुडाशी हिरवं किटण धरलं होतं. तांब्याच्या घंगाळाला धरतं तसं.

ते किटण कुठून आलं हे कळायला प्रयोगशाळा नको, आमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पुरे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं हे कोकणात पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्यामागचा हिशेब असा, की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर शुद्ध मीठ कोरडं राहतं. त्यावर गेली की दाणा हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळायला लागतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तर जेमतेम ३३ टक्के पुरतात. खारा वारा हे मीठ सूक्ष्म थेंबांतून घरात आणतो, ते बोर्डावर बसतं आणि ओलं राहतं. मिठाचं पाणी वीज वाहतं. शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये व्होल्टेज असेल तर एका तारेतला धातू त्या ओलीत उतरतो, दुसरीकडे जातो आणि तिथे झाडासारख्या बारीक फांद्या फुटून वाढत येतो. फांदी पोचली, की शॉर्ट. बंद कन्सोलमध्येही बॅटरी जोडलेलीच असते, तेव्हा पडवीतल्या तीन महिन्यांत काय काय चाललं असेल याची कल्पना करा.

पुढच्या पिढीच्या कन्सोलमध्ये काय हवं, याच्या इच्छा सगळ्यांच्या तोंडपाठ आहेत. आणखी वेगवान चिप, आणखी मोठा पडदा, सेकंदाला आणखी चित्रं. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ मध्ये ७.९ इंची पडदा आहे आणि तो सेकंदाला १२० चित्रं दाखवू शकतो. डोळ्यांचं एवढं कोडकौतुक झालं, आता पुढचा मान मिठाला द्यावा असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात दांडीपासून. १८७९ साली एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने सोन्याच्या पातळ पत्र्यातून वीज सोडून वर लोहचुंबक धरला. प्रवाहातले विद्युतकण एका कडेला ढकलले गेले आणि पत्र्याच्या दोन कडांमध्ये किंचित व्होल्टेज तयार झालं. खाडीच्या ओढीत सरळ निघालेली होडी बाजूच्या वाऱ्याने काठाकडे लोटली जावी, तसं. चुंबक जितका जवळ, तितकं व्होल्टेज जास्त. दांडीच्या टोकाला इवलासा चुंबक लावला आणि खाली हे व्होल्टेज मोजणारा सेन्सर ठेवला, की घासणारं काही उरतच नाही. हे काही उद्याचं स्वप्न नाही. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हे तंत्र १९९८ सालीच होतं. आता त्याच्या पुढचे, कमी वीज खाणारे चुंबकीय सेन्सरही मिळतात.

झीज टळते हा फायदा सगळे सांगतात. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा: चुंबकाचा जोर प्लास्टिकच्या भिंतीतून आरपार जातो. म्हणजे दांडी भिंतीच्या बाहेर आणि सगळं इलेक्ट्रॉनिक्स आत, मध्ये एक भोकही नाही. खारा वारा दांडीशी खुशाल खेळू दे. बटणांनाही हीच युक्ती लावता येईल.

मग उरतो पंखा. ताकदवान चिपची उष्णता काढायला बहुतेक कन्सोलमध्ये पंखा असतो, आणि तो बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे आमच्याकडे मीठच ओढतो. उपाय जुन्या चुलीच्या धुराड्यातला आहे. धुराची वाट वेगळी, घर वेगळं. पंखा आणि उष्णता सोडणाऱ्या पात्या एका बंद बोगद्यात ठेवायच्या, बोर्ड भिंतीपलीकडे, आणि उष्णता भिंतीतून धातूच्या पट्टीने न्यायची. शिवाय बोर्डावर पॅरिलीन या प्लास्टिकचा काही मायक्रॉन जाडीचा मुलामा. तो वाफेच्या रूपात बसवतात, त्यामुळे कानाकोपऱ्यात पोचतो. दुरुस्तीवाला म्हणून मला तो मुलामा खरवडायचा कंटाळा येईल, पण ते चालेल. मोबाइलवर आयपी६८ ही धूळ-पाण्यापासून बचावाची खूण लिहिलेली असते ती बघून मात्र समुद्रात उतरू नका, ती चाचणी गोड्या पाण्यातली असते.

आता ऊन. आमच्याकडे ऑक्टोबर ते मे ते भरपूर असतं आणि भाच्याला खळ्यात बसून खेळायचं असतं. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स उजेड पडतो (लक्स म्हणजे पडणारा उजेड मोजायचं माप, निट्स म्हणजे दिसणारी चकाकी मोजायचं). त्यात ठेवलेला पांढरा कागद सुमारे २५ हजार निट्सने चकाकतो. कन्सोलचा पडदा ५०० निट्सचा धरला तर कागद त्याच्या ५० पट उजळ. या शर्यतीत आतला दिवा कधीच जिंकणार नाही, नुसती बॅटरी जळेल. निन्टेन्डोच्या १९८९ च्या गेम बॉय या हातातल्या कन्सोलला आतून दिवाच नव्हता. हिरवट पडदा, चार छटा, आणि उन्हात तो उलट जास्त स्पष्ट दिसायचा, कारण तो बाहेरचाच उजेड परत पाठवायचा. २०२२ मध्ये आलेल्या प्लेडेट या चिमुकल्या कन्सोललाही असाच बिनदिव्याचा, काळापांढरा पडदा आहे. मला हवाय तो दोन्ही जमणारा: खळ्यात उन्हावर चालणारा रंगीत पडदा, रात्री लाईट गेल्यावर आतून उजळणारा. असे मिश्र पडदे आहेत, पण त्यांचे रंग अजून फिके असतात. फिके रंग मी चालवून घेईन. भाचा नाही घेणार.

बरं, एवढं ऊन आहे तर पाठीला सोलर पट्टी लावावी का? हिशेब करून बघू. कन्सोलची पाठ २५ सेंटिमीटर बाय १० धरली तर त्यावर कडक उन्हात २५ वॉट पडतात. २० टक्के कार्यक्षमतेने हाती ५ वॉट. स्विच २ ची बॅटरी सुमारे २० वॉट-तासांची आहे आणि कंपनी ती २ ते साडेसहा तास चालेल असं सांगते, म्हणजे खर्च ३ ते १० वॉट. हलका खेळ उन्हावर भागेल, भारी खेळ नाही. पण खेळताना पाठ खाली असते, पट्टी सावलीत! आणि कन्सोल उन्हात पालथा घालून ठेवला तर लिथियम बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. राहू दे. २००३ साली गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या 'बोक्ताई' या खेळाने उन्हाचा याहून भारी उपयोग केला होता. खेळाच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या डबीत, प्रकाशाचा सेन्सर होता आणि व्हॅम्पायर मारायला पोरांना खरोखर उन्हात जावं लागायचं. आषाढात आमच्या गावात त्या व्हॅम्पायरांचं राज्य चाललं असतं.

बॅटरीबद्दल मागणी एकच, ती मला चिमट्याशिवाय बदलता यावी. युरोपियन युनियनच्या कायद्याने १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येण्यासारखी असावी लागणार आहे, त्यामुळे ही इच्छा बहुधा माझ्या बोलण्याविनाच पुरी होईल. गेम बॉयमध्ये तर चार पेन्सिल सेल घातले की झालं. त्याचे कर्ते गुनपेई योकोई जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्र नव्या जागी लावायचे. सेगाने रंगीत, उजळ पडद्याचा गेम गिअर आणला, तो सहा सेल खाऊन चार-पाच तासांत आडवा व्हायचा. बाजारात जिंकला तो हिरवट पडदाच.

इंटरनेटवरून खेळ चालवायची भाषा करणाऱ्यांना कोकण रेल्वेत बसवा. ९१ बोगदे आहेत. त्यातला करबुडे साडेसहा किलोमीटर. योद्धा बोगद्याआधी उडी मारेल आणि पलीकडे पडेल. त्यापेक्षा समोरच्या बाकावरच्या कन्सोलशी थेट, टॉवरविना जोडता येणं माझ्या यादीत वर आहे.

भाच्याच्या कन्सोलची दांडी मी चुंबकीय टाकून दिली. सुटा भाग मिळतो, बसतो, फक्त बोर्डावरचं किटण आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जुन्या टूथब्रशने घासायला अख्खी संध्याकाळ गेली. योद्धा आता जागेवर उभा राहतो. यंदाही जूनमध्ये कन्सोल इथेच राहिला, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या नारिंगी दाण्यांबरोबर. ओल शोषली की ते हिरवे पडतात. तांदळाच्या डब्यात ठेव म्हणून आईने सुचवलं होतं, पण आषाढात आमचे तांदूळच ओलसर. झड लागली की डबा उघडझाकीत पाच-सहा दिवसांतच दाणे हिरवे होतात, मग खास वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा नारिंगी करायचे. परवा तेच करत होतो. आई दारात येऊन वास घेत उभी राहिली.

"अरे, ह्यां काय भाजतंस रे?"