सिक्लिडमधील ब्लोट: पोट फुगण्याची वाट पाहू नका

आफ्रिकन सिक्लिड पाळणाऱ्या आमच्या सर्व ग्राहकांनी हे पत्रक टाकीजवळच ठेवावे, ही विनंती. ब्लोट म्हणजे पचन बिघडून पोट फुगण्याचा आजार. तो झालेला मासा बहुतेकदा पोट टम्म फुगल्यावरच लक्षात येतो आणि तोवर उपचाराची वेळ बरीचशी निघून गेलेली असते. म्हणून पोटाकडे नव्हे, माशाच्या खाण्याकडे लक्ष ठेवा.

सुरुवात कशी दिसते?

निरोगी सिक्लिड खादाड असतो. टाकीसमोर कोणी उभे राहिले की सगळे काचेपाशी गोळा होतात. आजाराची पहिली खूण इथेच दिसते. मासा इतरांबरोबर वर येतो, दाणा तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो. पुन्हा घेतो, पुन्हा थुंकतो. एक-दोन दिवसांत तो वर येणेच सोडतो. दगडामागे किंवा फिल्टरच्या कोपऱ्यात एकटा थांबतो, पर अंगाला मिटून घेतो, कल्ले भराभर हलू लागतात आणि रंग काळवंडतो. विष्ठा पांढरी किंवा जवळजवळ पारदर्शक, लांब दोऱ्यासारखी मागे लोंबत राहते.

पोट फुगणे, खवले उचलले जाणे, गुदद्वाराभोवती लाली येणे हे सगळे त्यानंतरचे. या अवस्थेतला मासा अनेकदा दोन-तीन दिवसांतच दगावतो.

इथे एक गफलत नेहमी होते. यांतल्या बहुतेक जातींची मादी अंडी तोंडात उबवते आणि साधारण तीन आठवडे जवळपास काहीच खात नाही. तिचा जबड्याखालचा भाग फुगलेला असतो, पोट नाही. आणि तोंड मधूनमधून चघळल्यासारखे हलते. तिला औषध देऊ नका. तसेच मासा तुटून पडून खात असेल, तर एखादे वेळी दिसलेल्या पांढऱ्या विष्ठेने घाबरण्याचे कारण नाही.

कोणाला होतो आणि का?

मलावी सरोवरातील म्बुना आणि टांगानिका सरोवरातील ट्रोफियस यांना धोका सर्वांत जास्त. हे मासे मूळ ठिकाणी दिवसभर खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात. असे अन्न पचायला वेळ लागतो, म्हणून त्यांचे आतडे खूप लांब असते. त्यांना चरबीयुक्त, जड खाद्य भरपूर दिले की पचन बिघडते. गाईगुरांच्या काळजाचे किंवा मांसाचे खाद्य तर या माशांना अजिबात देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अनेक सिक्लिडांच्या आतड्यात स्पायरोन्यूक्लिअससारखे सूक्ष्म परजीवी थोड्या प्रमाणात असतातच. मासा तणावात आला की ते बेसुमार वाढतात. मात्र ब्लोटचे कारण हे परजीवीच, की जिवाणू आणि खाद्यही तितकेच जबाबदार, यावर जाणकारांचे एकमत नाही. म्हणूनच नुसते औषध टाकून भागत नाही. तणाव कुठून आला ते शोधावे लागते: अमोनिया वा नायट्राइट वाढले आहे का, पाणी बदलायचे राहून गेले का, नुकतेच नवे मासे सोडले का, एखादा दांडगा नर कोणाचा पिच्छा पुरवतो आहे का. ही शेवटची गोष्ट दिवे मंद करून थोडे लांबून पाहिले की कळते. तुम्ही समोर असता तेव्हा सगळ्यांचे लक्ष खाद्याकडे असते.

उपचार

खाणे बंद झालेले दिसले की त्याच दिवशी सुरुवात करा. आधी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवे. पाणी एक तृतीयांश बदला. नव्या पाण्यातले क्लोरीन काढलेले असावे आणि तापमान टाकीइतकेच असावे. आजारी मासा स्पंज फिल्टर लावलेल्या वेगळ्या टाकीत हलवा. दोन-तीन माशांनी खाणे सोडले असेल, तर मात्र उपचार मोठ्या टाकीतच करावा.

औषध मेट्रोनिडाझोल. पाण्यात द्यायचे प्रमाण लिटरला साधारण 5 ते 7 मिलीग्रॅम, एक दिवसाआड तीन वेळा, प्रत्येक मात्रेपूर्वी चौथा हिस्सा पाणी बदलून. जलचरांचे पशुवैद्य उपलब्ध असतील तर मात्रा त्यांच्याकडून ठरवून घ्या आणि औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचा.

टाकीतले पाणी अंदाजाने धरू नका. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि 1000 ने भागा. 120 × 45 × 45 चे 243 लिटर होतात. पण म्बुनाच्या टाकीत दगड आणि वाळू बरीच जागा घेतात, तेवढे वजा केलेच पाहिजे. गोळी बारीक कुटून थोड्या कोमट पाण्यात नीट ढवळून मगच टाका, कारण ती सहज विरघळत नाही. फिल्टरमधला ॲक्टिवेटेड कार्बन काढून ठेवा, यूव्ही दिवा बंद करा, टाकीचा दिवाही मंद ठेवा आणि एअर पंप वाढवा.

मासा अजून थोडेफार खात असेल, तर औषध खाद्यातून देणे जास्त परिणामकारक ठरते, कारण ते थेट आतड्यात पोहोचते. एक ग्रॅम खाद्याला 10 मिलीग्रॅम औषध, सलग पाच दिवस. जो खातच नाही त्याला पाण्यातूनच द्यावे लागते.

एप्सम सॉल्टने (मॅग्नेशियम सल्फेट) पोटातील साचलेला द्रव कमी व्हायला मदत होते, परजीवी मरत नाहीत. स्वयंपाकाचे मीठ त्याची जागा घेऊ शकत नाही. एकाच वेळी दोन-तीन औषधे मिसळू नका. अशक्त माशाला ते झेपत नाही.

औषध पाण्यातून देत असाल, तर मोठ्या टाकीतील बाकीच्यांनाही दोन-तीन दिवस उपाशी ठेवा. धडधाकट सिक्लिडला त्याचा काही त्रास होत नाही. मेलेला मासा ताबडतोब काढा, कारण इतर मासे त्याला टोचतात आणि संसर्ग पसरतो. आजारी टाकीची जाळी आणि पाइप दुसऱ्या टाकीत वापरू नका.

मासा बरा झाला की स्पिरुलिना (निळे-हिरवे शेवाळ) असलेले खाद्य अगदी थोड्या प्रमाणात सुरू करा. पुढेही दिवसातून दोनदा, एका मिनिटात संपेल इतकेच द्या. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळे ठेवून मगच मिसळा.

आमच्याकडे सल्ल्यासाठी येताना पाण्याच्या तपासणीचे आकडे, टाकीची मापे, खाद्याचे पाकीट आणि शक्य असल्यास माशाचा व विष्ठेचा फोटो सोबत आणा. खाणे कोणत्या दिवशी सुटले तेही लिहून ठेवा. आम्ही सर्वांत आधी तेच विचारतो.