डीप फ्रीझरमध्ये ठेवू, पण कोणत्या? मायनस ट्वेंटी आणि मायनस एटी

नवी मुंबईतल्या आमच्या महाप्याच्या लॅबमध्ये कुणी नवीन रुजू झालं की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, हे डीप फ्रीझरमध्ये ठेवू ना?" मी विचारते, कोणत्या? समोर दोन पांढरी कपाटं उभी असतात. दोन्ही घुमत असतात, दोन्हींच्या दारावर लाल आकडे असतात. एकावर उणे २०, दुसऱ्यावर उणे ८०. मग समोरच्याच्या मनात काय चाललंय ते मला चेहऱ्यावरून वाचता येतं. ८० म्हणजे जास्त थंड, जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, तेव्हा महागाची वस्तू तिकडे.

याच हिशेबाने आमच्याकडे एकदा रिस्ट्रिक्शन एन्झाइमची, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या प्रथिनांची, अख्खी पेटी उणे ८० मध्ये जाऊन बसली. ही एन्झाइम साधारण निम्म्या ग्लिसरॉलमध्ये येतात आणि ते उगाच घातलेलं नसतं. उणे २० ला हे मिश्रण गोठत नाही, थंडीतल्या काकवीसारखं दाट राहतं. पिपेटची टिप बुडवायची, हवं तेवढं घ्यायचं, नळी परत आत. उणे ८० ला तेच दगड होतं. एकदा गोठलं म्हणून एन्झाइम लगेच मरत नाही, पण रोजच्या वापरातली नळी रोज वितळवायची आणि रोज गोठवायची म्हटलं की तिची ताकद उतरत जाते. ज्या मुलीने ती पेटी ठेवली तिने मनापासून काळजी घेतली होती, म्हणून मी फार बोलले नाही.

उलटी चूकही तेवढीच महाग. कॉम्पिटंट सेल्स, म्हणजे बाहेरचा डीएनए आत घेण्यासाठी तयार केलेले जिवाणू, कुणी घाईत उणे २० मध्ये ठेवून गेलं, की पुढच्या प्रयोगात प्लेटवरच्या वसाहती मोजायला एका हाताची बोटंही जास्त होतात. आरएनए, ग्लिसरॉल घातलेले जिवाणूंचे साठे, वर्षानुवर्षं ठेवायचे सीरम-प्लाझ्माचे नमुने यांचं घर उणे ८०. प्रायमर (डीएनएचे छोटे तयार तुकडे), रोजच्या वापरातला डीएनए, एन्झाइम यांचं घर उणे २०. आणि माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी दीर्घकाळ जिवंत ठेवायच्या तर उणे ८० सुद्धा पुरत नाही. साधारण उणे १३५ च्या खाली गेल्यावरच पाणी काचेसारखं थिजून सगळ्या हालचाली थांबतात, म्हणून त्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत जातात. उणे ८० ला त्या काही महिने तग धरतात, पण हळूहळू खालावत जातात.

उणे २० बद्दल एक सावधगिरी. घरचा डबल डोअर फ्रिज लॅबमध्ये आणून वरच्या कप्प्याला मायनस ट्वेंटी म्हणायची चाल आपल्याकडे आहे. तो फ्रॉस्ट-फ्री असतो, म्हणजे बर्फ साचू नये म्हणून कॉइल दिवसातून काही वेळा आतल्या आत तापवली जाते. वाटाण्याच्या पाकिटाला त्याचं काही नाही, एन्झाइमला आहे. लॅबसाठी हाताने बर्फ काढायचा फ्रीझरच बरा.

आता यंत्राकडे येऊ, कारण खरा फरक तिथे आहे. मायनस एटी म्हणजे जोर लावलेला मायनस ट्वेंटी, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही, ते यंत्रच वेगळं आहे.

उणे २० चा फ्रीझर म्हणजे घरच्या फ्रिजचा थोरला भाऊ. एक कॉम्प्रेसर, एक गॅस. गॅस दाबायचा, मागच्या जाळीत त्याची उष्णता खोलीत सोडून त्याचं द्रव करायचं आणि आत नेऊन उकळवायचं. उकळताना तो कपाटातली उष्णता ओढून घेतो. उणे ८० पर्यंत जायचं तर त्याहूनही खाली उकळणारा गॅस लागतो. इथेन उणे ८९ ला उकळतो, म्हणजे कामाचा. पण इथेनचा एक हट्ट आहे. ३२ अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. मे महिन्यात दुपारी महाप्याला बाहेर ३५-३६ अंश असतात. मागच्या जाळीला त्या हवेत सोडून इथेनचं द्रव करू म्हटलं तर तो गॅसचा गॅसच राहणार.

म्हणून तिथे दोन कॉम्प्रेसर. पहिला, समजा प्रोपेनवर चालणारा, तुमचे नमुने थंड करतच नाही. तो फक्त दुसऱ्या फेरीतल्या इथेनला थंड करतो. दोन्ही गॅस एका मधल्या उष्णता-विनिमयकात शेजारून जातात, तिथे तापमान शून्याच्या बरंच खाली असतं, इथेन द्रव होतो आणि मग कपाटाभोवतीच्या नळ्यांत जाऊन उकळतो. घोडबंदर रोडवरच्या उंच टॉवरचं पाणी डोळ्यांसमोर आणा. खालच्या पंपाने थेट गच्ची गाठायची नाही, मधल्या टाकीत चढवायचं आणि तिथून दुसऱ्या पंपाने वर. उष्णतेचं तसंच, दोन टप्प्यांत. याला कॅस्केड म्हणतात. जुन्या यंत्रांत पहिल्या टप्प्याला आर-४०४ए आणि दुसऱ्याला आर-५०८बी हे गॅस असतात. त्या दुसऱ्याची हवा तापवायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या १३,००० पटींहून जास्त, म्हणून नवीन यंत्रं प्रोपेन-इथेनकडे वळली.

हे एवढं सांगितलं कारण बिघाड ओळखताना हेच उपयोगी पडतं. मायनस ट्वेंटीचा कॉम्प्रेसर बंद पडला की आवाज थांबतो, कुणालाही कळतं. मायनस एटीमध्ये दुसरा कॉम्प्रेसर गेला तर पहिला आपला घुमत राहतो, दिवे लागलेले असतात, मागून गरम हवा येत असते आणि आत नमुने गरम होत असतात. "चालू आहे की, आवाज येतोय" हे वाक्य उणे ८० च्या बाबतीत मी ग्राह्य धरत नाही. वीज गेल्यावर यंत्र पुन्हा सुरू होतं तेव्हा अंगावर हात ठेवून थांबावं. आधी एक थरथर येते, काही मिनिटांनी तिच्यात दुसरी मिसळते. दुसरी आलीच नाही तर फोन उचलायचा.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या मायनस एटीचं तापमान रोज थोडं वर सरकायला लागलं. उणे ८०, मग उणे ७६, मग उणे ७१. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार होता. कुणीतरी तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमधल्या मेकॅनिकला घेऊन आलं. हाताला गुण असलेला माणूस, मायनस ट्वेंटीच्या खोल्या डोळे मिटून दुरुस्त करणारा. त्याने मागून बघितलं, कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, गॅस कमी झालाय, मारून देतो." मग डीफ्रॉस्टचा टायमर शोधायला लागला. मी म्हटलं, दादा, याला टायमरही नसतो आणि हीटरही नसतो, आणि गॅसला हात लावू नका. मायनस ट्वेंटीत गेज लावून वरून थोडा गॅस मारणं कामचलाऊ म्हणून खपतं. कॅस्केडच्या दुसऱ्या टप्प्यात गॅस ग्रॅमवर तोलून भरतात, तोही आधी गळती शोधून आणि सगळं व्हॅक्यूम करून. वरून मारला तर चालणारं यंत्रही बसायचं.

तो जरा हिरमुसला. मग खाली बसून त्याने पुढचं झाकण काढलं आणि आतली फिल्टरची जाळी ओढली. जाळी कसली, करडी गोधडी होती ती. ठाणे-बेलापूर रोडची धूळ, अॅप्रनचे धागे आणि त्यात अडकलेले थर्माकोलचे पांढरे दाणे. नळाखाली धुतली तर पाणी चहाच्या रंगाचं आलं. कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या जाळीच्या, पंखांवरून त्याने ब्रश फिरवला, जाळी सुकवून बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ७८, संध्याकाळी ८०. चहाशिवाय त्याने काही घेतलं नाही.

मायनस ट्वेंटीत जाळी चोक झाली तर बिल वाढतं, दोन-चार अंश इकडेतिकडे होतात. मायनस एटीत पहिला टप्पा उष्णता टाकू शकला नाही की मधला विनिमयक पुरेसा थंड होत नाही, मग इथेन नीट द्रव होत नाही आणि दोन्ही टप्पे एकत्र लंगडतात. साधारण दोन-तीन महिन्यांनी फिल्टर साफ करा असं सांगतात. एमआयडीसीत आम्ही महिन्याला करतो.

खोलीचंही तेच. जुना मायनस एटी दिवसाला २० युनिटच्या आसपास खातो, चांगला नवा ८-१० मध्ये भागवतो. माझ्या घरी महिन्याला दोनशे युनिट येतात, म्हणजे जुना एक फ्रीझर म्हणजे माझी तीन घरं. आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत पडते. भागाकार केला तर आठशे वॉटांचा हीटर रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखं. म्हणून एसी माणसांसाठी नसून फ्रीझरसाठी आहे, हे हिशेबखात्याला दरवर्षी समजवावं लागतं. भिंतीपासून वीतभर जागा हवी, वर खोके रचायचे नाहीत. सेटिंग ८० वरून ७० केलं तर विजेत चांगली बचत होते आणि बऱ्याच नमुन्यांना त्याने फरक पडत नाही. आमच्याकडे हा वाद अजून मिटलेला नाही.

पावसाळा हा मायनस एटीचा खरा शत्रू. जुलैत दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी भुरभुरीत बर्फ होऊन आतल्या दारांवर, रॅकवर आणि सगळ्यात वाईट म्हणजे रबरवर बसतं. रबरवर बर्फ आला की दार पूर्ण मिटत नाही, फटीतून आणखी हवा जाते, आणखी बर्फ. दर आठवड्याला कोरड्या फडक्याने किंवा लाकडी-प्लास्टिकच्या उलथन्याने तो काढायचा. स्क्रूड्रायव्हर नको, भिंतीमागेच गॅसच्या नळ्या आहेत.

आणि ते न उघडणारं दार. मायनस ट्वेंटीत दार लावल्यावर लगेच उघडायला थोडा जोर लागतो, बस. मायनस एटीत आत गेलेली गरम हवा आकसून असा व्हॅक्यूम होतो की दार भिंतीसारखं बसतं. यासाठी दारात एक छोटं श्वास घ्यायचं छिद्र असतं. त्यातून हवा सुसकारत आत जाते, एक-दोन मिनिटांत दार मोकळं होतं. ते छिद्र बर्फाने बुजलं की लोक हँडलला लोंबकळतात, आणि हँडल तुटल्याचं मी स्वतः पाहिलंय. आधी छिद्र मोकळं करायचं.

पूर्ण बर्फ काढायचा कार्यक्रम आम्ही दिवाळीनंतर करतो, हवा कोरडी असते तेव्हा. नमुने दुसऱ्या मायनस एटीत किंवा ड्राय आइसच्या पेट्यांत. ड्राय आइस उणे ७८.५ ला असतो, त्यामुळे एका दिवसाला तो पुरतो, फक्त बंद खोलीत नको, त्याची वाफ म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइड. यंत्र बंद, दारं उघडी, जुने टॉवेल खाली, चोवीस तास. अलार्मची बॅटरीही बंद करायची, ती विसरलात तर रात्रभर बोंबलते. परत सुरू केल्यावर आकडा ८० ला टेकून रात्रभर स्थिर राहू द्यायचा आणि नमुने थोडे थोडे करून आत. मायनस एटी थंड ठेवण्यासाठी आहे, थंड करण्यासाठी नाही. गरम बाटल्यांचा ढीग एकदम घातला तर शेजारचे नमुनेच तापतात.

वीज गेली तर दार उघडून "बघायचं" नाही. भरलेला फ्रीझर कित्येक तास तग धरतो, रिकामा लवकर हरतो, म्हणून रिकाम्या जागी आम्ही आधीच गोठवलेले आइस पॅक भरतो. वीज परत आली की सगळे फ्रीझर एकदम उठून एमसीबी ट्रिप करतात, म्हणून प्रत्येकाला सुरू होण्याचा वेगळा उशीर लावून ठेवायचा.

२०२० च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये असाच एक मायनस एटी उणे ७८ वर येऊन वाजत होता. नमुने सुरक्षित होते, दुरुस्तीची तारीख ठरली होती, दारावर सूचनाही होती. सफाई कामगाराला तो आवाज सहन होईना. त्याने मदत म्हणून विजेचा ब्रेकर फिरवला, चालू करतोय अशा समजुतीने बंद केला. आत उणे ३२ झालं आणि वीस वर्षांहून जास्त काळचं संशोधन गेलं. संस्थेने पुढे सफाईच्या कंत्राटदारावर दहा लाख डॉलरहून मोठ्या रकमेचा दावा लावला.

ते वाचल्यावर आम्ही आमच्या मायनस एटीच्या स्विचवर झाकण लावून कुलूप घातलं. दारावर मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: "वाजला तर स्विचला हात लावू नका. फोन करा. रात्री सुद्धा." खाली माझा नंबर. गेल्या पावसाळ्यात पहाटे अडीचला वॉचमनकाकांचा फोन आला. "मॅडम, ते मोठं कपाट ओरडतंय. मी काही केलं नाही. उभा आहे नुसता."

"आकडा किती दिसतोय काका?"

"एकोणसत्तर. आता सत्तर झाला."

"आधी एकोणसत्तर होता ना? म्हणजे तापमान खाली उतरतंय. दार घट्ट आहे का बघा."

थोडा वेळ फोनवर नुसती घुमघूम आली. "जरा उघडं होतं, मॅडम. दाबलं आता."