कॅमेरा कुठला घेऊ ते नंतर, आधी लेन्सचं भोक बघ

मागच्या महिन्यात भाच्याचा मेसेज आला, "मामा, आकाशगंगेचे फोटो काढायचेत, कुठला मिररलेस घेऊ, फुल फ्रेमच लागतो ना?" आणि खाली तीन व्हिडिओच्या लिंका. मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, फुल फ्रेम म्हणजे त्यातला मोठ्या सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप). लिंका मी काही बघितल्या नाहीत. आत्ता आहे त्या कॅमेऱ्याला लेन्स कुठली लावतोस एवढंच विचारलं, तर म्हणे कॅमेऱ्याबरोबर आलेली, १८-५५ मिमी. म्हणजे दुखणं तिथे आहे आणि हा निघालाय बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, बदलायला.

हिशोब सोपा आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) तिच्यावरच्या एफच्या आकड्याने भागलं की प्रकाश आत शिरायचं भोक किती मोठं ते कळतं. १८ मिमीला एफ ३.५ म्हणजे साधारण ५ मिमी, तुरीच्या दाण्याएवढं. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, म्हणजे इतके पैसे मोजून आपण डोळ्यापेक्षा बारीक भोकातून आकाश बघतोय! त्याच कॅमेऱ्याला १६ मिमी एफ १.४ लावली की भोक होतं ११.४ मिमी, शर्टाच्या बटणाएवढं. आकाशगंगेच्या पसरट उजेडासाठी बघायचा तो एफचा आकडा, आणि ३.५ वरून १.४ वर आलात की सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर तेवढ्याच वेळात सव्वासहापट उजेड पडतो. आता फुल फ्रेमचं बघा. तो सेन्सर ३६ बाय २४ मिमी, एपीएस-सी म्हणजे ज्याला सगळे क्रॉप म्हणतात तो साधारण २३.५ बाय १५.६, क्षेत्रफळ काढलं तर फरक येतो २.३५ पट. फायदा आहेच, नाही कोण म्हणतंय, पण सव्वासहापुढे सव्वादोन, आणि त्या सव्वादोनसाठी बॉडी पण नवीन आणि तिच्या मापाच्या लेन्सा पण नवीन.

यावर भाच्याचं उत्तर, "पण मामा, फुल फ्रेमला आयएसओ जास्त चढवता येतो." इथेच सगळे फसतात. आयएसओ म्हणजे फोटो उजळ करायचा आकडा, तो वाढवला म्हणून एकही जास्तीचा प्रकाशकण आत येत नाही, जे आलंय त्याचा फक्त आवाज वाढतो, रेडिओचा व्हॉल्यूम पिळल्यासारखा, गाणं पण मोठं आणि खरखर पण मोठी. आणि ती खरखर बहुतेक वेळा कॅमेऱ्याची नसतेच. वळवाचा पाऊस सुरू होताना अंगणातल्या फरश्यांकडे बघितलंय का कधी, पहिल्या दहा सेकंदात एका फरशीवर ९ थेंब, शेजारच्या फरशीवर १४, वरून पाऊस सगळीकडे सारखाच पडतोय तरी फरश्या ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात, आणि पाच मिनिटांनी सगळ्या सारख्याच ओल्या. प्रकाश असाच कणाकणाने येतो. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण पडले तर त्यात दहाएक इकडेतिकडे होणारच, म्हणजे १० टक्के गडबड. १०,००० पडले तर शंभरएक इकडेतिकडे, म्हणजे १ टक्का. फोटोत जे दाणेदार दिसतं ते मुख्यतः हे, आणि त्यावर औषध एकच, जास्त थेंब.

जास्त थेंबासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवावं म्हटलं तर पृथ्वी थांबत नाही. तारे सेकंदाला १५ विकला (एका अंशात ३६०० विकला) सरकतात, तासाला १५ अंश. जुना ठोकताळा असा की ५०० ला फोकल लेंग्थने भागा, तेवढे सेकंद चालतात, म्हणजे फुल फ्रेमवर २४ मिमीला वीसेक सेकंद, क्रॉपवर त्याला आणखी दीडने भागायचं. हा ठोकताळा फिल्मच्या काळातला आहे आणि आता जरा सैल पडतो. २० सेकंदात खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा ३०० विकला सरकतो, ते २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर साधारण ६ पिक्सेल होतात आणि ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ९. म्हणून जास्त मेगापिक्सेलवाल्याला झूम करून बघितलं की तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट दिसतात आणि तो लेन्सला शिव्या देत बसतो.

मग बॉडीत काही बघायचंच नाही का, तर बघायचं. सोनी ए७ थ्री आणि निकॉन झेड ६, दोन्ही २०१८ चे, दोन्ही २४ मेगापिक्सेल. यांच्या सेन्सरमध्ये एका ठरावीक आयएसओला सर्किट स्वतःची खरखर कमी करणाऱ्या दुसऱ्या गिअरमध्ये जातं, सोनीत ६४० ला आणि निकॉनमध्ये ८०० ला, त्याच्यावर आयएसओ चढवण्यात रॉ फाइलला, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या फाइलला, फारसं काही मिळत नाही. त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्यांमध्ये सुधारलंय ते मुख्यतः ऑटोफोकस, व्हिडिओ आणि स्पीड, म्हणजे पक्षी आणि लग्नं. काळोखात ट्रायपॉडवर त्यातलं काहीच कामाचं नाही, त्यामुळे माझं मत विचाराल तर त्या पिढीची सेकंड हँड बॉडी घ्या आणि उरलेले पैसे लेन्सला. त्याहून जुनी घेत असाल तर जरा चौकशी करा, सोनीच्या ए७एस टू आणि ए७आर टू मध्ये काही सेकंदांहून लांब एक्स्पोजरला कॅमेरा बारीक तारे खरखर समजून पुसून टाकायचा, लोकांनी त्याला 'स्टार ईटर' असंच नाव ठेवलं होतं.

मिररलेसचा खरा फायदा दोन ठिकाणी. आरसा काढल्यामुळे लेन्स सेन्सरच्या जवळ बसते, निकॉनच्या जुन्या एफ माउंटला (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) हे अंतर ४६.५ मिमी होतं, मिररलेसच्या झेडला १६, आणि मधे ही जागा मिळाल्यामुळे वाइड लेन्सा जास्त चांगल्या बनवता येतात, कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटून त्यांच्या चिमण्या होतात ना, ते कमी होतं. दुसरं म्हणजे फोकस. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, मागच्या स्क्रीनवर बघायचं लाइव्ह व्ह्यू होतंच, पण इथे डोळा लावायच्या खिडकीतसुद्धा सेन्सरला दिसतं तेच दिसतं. व्याध किंवा अभिजितसारखा ठळक तारा मधोमध घ्यायचा, मॅन्युअल फोकस, झूम दहापट, आणि रिंग अगदी हळू. आधी तो फुगलेला गोळा असतो, मग आक्रसत जातो, कडेला जांभळट झाक येते, आणि एका जागी टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि शेजारी आतापर्यंत नसलेले दोन-तीन बारीक तारे उमटतात. ते बारीक तारे उमटले की हात काढायचा.

आणि मग कॅमेरा बंद करायचा नाही! हे मी पैसे देऊन शिकलोय. वेल्ह्याजवळ एका रात्री बॅटरी वाचवायला म्हणून दोन शॉटच्या मधे कॅमेरा बंद करत होतो, पण मिररलेसच्या बऱ्याच लेन्सांची फोकस रिंग नुसती नावाला असते, आतली मोटर काम करते आणि बंद-चालू केलं की मोटर तिला वाटेल तिथे जाऊन बसते. पहाटे चहा पिताना स्क्रीनवर बघितलं तर तोरण्यावर तारे नाहीत, साबुदाणे. म्हणून मला साधी हातानेच फिरणारी लेन्स आवडते, सामयांगची १२ मिमी एफ २ क्रॉप कॅमेऱ्यासाठी झकास आहे, फोकस करायचा, रिंगवर चिकटपट्टी मारायची, विषय संपला. बॅटरीसाठी पॉवर बँकेवर चालणारी बॉडी बघा, कारण मिररलेसमध्ये सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू असतात आणि बॅटरी भसाभस उतरते.

लाल तेजोमेघांचं एक राहिलं. हायड्रोजनचा तो लाल रंग ६५६.३ नॅनोमीटरचा, आणि नेहमीच्या कॅमेऱ्यातला फिल्टर माणसांच्या चेहऱ्याचा रंग बरोबर यावा म्हणून त्यातला बराचसा अडवतो. कॅननने २०१९ मध्ये ईओएस आरए नावाचा खास त्यासाठीचा कॅमेरा काढला होता, काही जण आपला कॅमेरा उघडून फिल्टर बदलून घेतात. पहिल्या वर्षी यात पडू नका.

आपल्याकडे नशीब असं की आकाशगंगेचं केंद्र, म्हणजे मूळ आणि पूर्वाषाढाच्या जवळचा भाग, पुण्याहून दक्षिणेला ४२ अंशांपर्यंत वर येतो, लंडनवाल्यांना तो जेमतेम ९-१० अंश मिळतो. आणि कमनशीब असं की तो रात्रभर दिसायला लागतो तेव्हा पाऊस. त्यामुळे फाल्गुन आणि चैत्राच्या अमावास्या धरायच्या, पाडव्याच्या आदल्या रात्री निघायचं आणि पहाटे तीन-चारला दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं. वेल्ह्याहून पुण्याचा उजेड ईशान्येला, म्हणजे पाठीमागे राहतो, हे बरं. चैत्रात उकाड्याने सेन्सरची आतली खरखर वाढते, तिच्यामागचा उष्णतेचा प्रवाह साधारण दर सहा-सात अंशांना दुप्पट होतो, त्याला इलाज म्हणजे एकाच जागेचे १६ शॉट घेऊन नंतर जुळवायचे. जुळवायचं सिक्वेटर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि १६ शॉटना खरखर पाव होते. तारे फिरतील तसा कॅमेरा फिरवणारा ट्रॅकरही मिळतो, पण तो लावायला ध्रुव दिसावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुव साडेअठरा अंशांवर, म्हणजे सह्याद्रीत बहुतेक वेळा कुठल्यातरी डोंगराच्या मागे.

भाच्याने शेवटी बॉडी तीच ठेवली, १६ मिमी एफ १.४ सेकंड हँड घेतली. येत्या अमावास्येला वेल्ह्याला येतोय. ट्रायपॉड तुझाच वापरतो म्हणाला, म्हटलं वापर, पण पॉवर बँक आणि चहाचा थर्मास तुझा.