चांदणीचे कोपरे कुठे गेले?

मे महिन्यात भाची बडोद्याला आली आणि दुसऱ्याच दिवशी मंगळ बाजारातून पत्र्याचे तीन साचे घेऊन आली: चांदणी, मासा आणि पान. "मावशी, चॉकलेटच्या कुकीज लाटून करू या, अशा साच्याने कापून." दुपारी चारला आम्ही पीठ मळलं, पोळपाटावर लाटलं, अठरा चांदण्या कापल्या आणि ट्रे ओव्हनमध्ये ठेवला. पंधरा मिनिटांनी ट्रे बाहेर काढला तेव्हा त्यात एकमेकांना चिकटलेल्या अठरा वाटोळ्या चकत्या होत्या. चव छान होती. पण ती बराच वेळ ट्रेकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "आजी दिवाळीत शंकरपाळे करते, ते तळले तरी टोकदारच राहतात. मग याचेच कोपरे कुठे गेले?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गातही क्वचित कोणी विचारतं. लाटून केलेल्या कुकीचं सगळं विज्ञान त्यात आलं.

शंकरपाळे कढईत पडतं तेव्हा दीडशे अंशांच्या वर तापलेलं तेल त्याला सगळीकडून एकदम भिडतं. ओव्हनमधली हवा तेवढीच तापलेली असते, तरी ट्रे काढताना आपण त्या हवेत हात घालतो आणि काही होत नाही. तेवढ्याच गरम तेलाचा एक थेंब उडाला तरी फोड येतो. तेल हवेपेक्षा कित्येक पट वेगाने उष्णता देतं, म्हणून शंकरपाळ्याची बाहेरची बाजू काही सेकंदांत घट्ट होते आणि कातणीने पाडलेला कंगोरा जसाच्या तसा राहतो. कुकीला मात्र उष्णता सावकाश मिळते. तिच्यातलं बटर पहिल्या दोन-तीन मिनिटांत वितळून जातं, आणि बाकीचं पीठ घट्ट व्हायला त्यानंतरही बराच वेळ लागतो. या मधल्या वेळात पीठ आपल्याच वजनाने पसरतं. कोपरे आधी जातात, कारण टोक बारीक असतं आणि ते सगळ्यात लवकर तापतं. कुकीत स्निग्धांश आणि साखरही शंकरपाळ्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे पसरायला आणखी मदत होते.

आता बडोद्याचा मे महिना. बाहेर पारा चाळिशीच्या वर, दुपारच्या स्वयंपाकघरात पस्तिशीच्या आसपास. बटरमध्ये निदान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि तो बर्फासारखा एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, हळूहळू वितळत जातो. फ्रिजमधून काढलेलं दगडासारखं बटरसुद्धा पुरतं घन नसतं. त्यातला साधारण अर्धा स्निग्धांश स्फटिकांच्या रूपात असतो, उरलेला त्या स्फटिकांच्या जाळ्यात अडकलेलं तेल असतं. वीस अंशांवर स्फटिक बरेच कमी होतात आणि बटर बोटाने दाबलं जातं. तीस अंशांवर ते नावापुरते उरतात. पस्तिशीत सगळं संपलेलं असतं. म्हणजे आमच्या चांदण्यांमधलं बटर ओव्हनचं दार उघडण्याआधीच वितळलेलं होतं, आणि बटर वितळणं व पीठ घट्ट होणं यांच्यातली शर्यत आम्ही पोळपाटावरच हरलो होतो. थंड हवेच्या देशांतल्या पाककृतींत 'रूम टेंपरेचरचं बटर' असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्यांना वीसएक अंश अभिप्रेत असतात. आपल्या उन्हाळ्यात ते शब्दशः घेऊ नये.

दुसऱ्या खेपेला आम्ही सकाळी सहाला उठलो. प्रमाण तेच ठेवलं: २०० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कोको, १५० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि दोन चमचे गार दूध. अंडं नाही. आमच्या मजल्यावरच्या बेन आणि त्यांची मुलं आवडीने येऊन खातात, त्यांना चालायला हवं. अंड्याचं काम इथे फार अडतही नाही. ते थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं देतं, आणि पातळ कुकीत ही उणीव दुधाने भरून निघते.

पाण्याचा हिशेब मात्र नीट ठेवावा लागतो. १५० ग्रॅम बटरमध्ये जवळपास २४ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे दीड मोठा चमचा. घरी घुसळलेल्या लोण्यात त्याहून जास्त. तुपात जवळजवळ शून्य, म्हणून तुपाच्या कुकीचं पीठ भुरभुरीत राहतं आणि त्याला दूध जास्त लागतं. हे पाणी महत्त्वाचं, कारण मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिनं असतात. त्यातली ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन पाणी मिळताच एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं लवचीक जाळं तयार होतं. पोळीला ते हवंच असतं, नाहीतर ती लाटताना फाटेल. कुकीला मात्र ते जितकं कमी तितकं बरं.

हे जाळं कमी ठेवण्याच्या युक्तीला आपल्याकडे एक जुना शब्द आहे: मोहन. आई शंकरपाळ्याच्या पिठात कडकडीत तुपाचं मोहन घालायची, हाताने चोळायची आणि मूठ वळून बघायची. मुटका वळला की मोहन बरोबर. त्या चोळण्याने पिठाच्या कणांवर तुपाचा लेप बसतो, पाणी प्रथिनांपर्यंत पोहोचत नाही, जाळं तुटक राहतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो. कुकीत बटर नेमकं हेच करतं. याच गावात १८९० साली सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत प्राध्यापक गज्जर रसायनविद्या लोकांच्या भाषेत शिकवावी असा आग्रह धरत होते. 'मोहन' शब्द आठवला की मला त्यांचं म्हणणं पटतं. ग्लुटेनची गोष्ट मुलांना सांगताना मी तिथूनच सुरुवात करते.

म्हणून मैदा घातल्यावर मळायचं नाही, गोळा जमला की थांबायचं. कोकोत ग्लुटेन होणारी प्रथिनं नसतात, पण तो पाणी मात्र मैद्यापेक्षा जास्त ओढून घेतो. साध्या कुकीच्या पाककृतीत नुसता कोको मिसळला तर पीठ कोरडं पडून लाटताना कडा चिरतात, ते यामुळेच. दोन चमचे दूध त्यासाठी होतं.

आता आम्ही केलेला खरा बदल. पहिल्या दिवशी गोळा फ्रिजमध्ये ठेवला होता, अर्ध्या तासाने काढून लाटला होता. बाहेरून गार लागत होता, पण मध्ये बोट घातलं असतं तर कोमट लागलं असतं. उष्णता एखाद्या वस्तूतून बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार सेंटिमीटर जाडीच्या थापीऐवजी अर्ध्या सेंटिमीटरचा पापुद्रा घेतला तर जाडी आठपट कमी, आणि गणिताने वेळ चौसष्टपट कमी. फ्रिजमधली हवा स्वतःच उष्णता सावकाश नेते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक एवढा मोठा पडत नाही. तरी दोन तासांचं काम अर्ध्या तासात होतं, हे आम्ही घड्याळ लावून पाहिलं. तेव्हा क्रम उलटा करायचा. मळलेलं पीठ लगेच दोन प्लास्टिकच्या कागदांत धरून पाच मिलिमीटर जाडीचं लाटायचं, मऊ असतं म्हणून ते सहज लाटलंही जातं, आणि तो पापुद्रा स्टीलच्या ताटावर ठेवून ताटासकट फ्रिजमध्ये सरकवायचा. अर्ध्या तासाने तो पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. साचा दाबला की 'कट्' असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला तरच पुढे जायचं. कापलेल्या चांदण्या ट्रेवर मांडून पुन्हा पंधरा मिनिटं गार करायच्या.

या विश्रांतीत ताणलेलं ग्लुटेनही सैलावतं. नाहीतर वाटोळी कापलेली कुकी लाटण्याच्या दिशेने आक्रसते आणि लंबगोल होते. उरलेल्या कडा-तुकड्यांचा गोळा पुन्हा लाटला की कुकी जरा चिवट होते, कारण जाळं आणखी घट्ट होतं. त्या तुकड्यांचे आम्ही मासे केले आणि घरच्यांसाठी ठेवले. कागद न वापरता लाटायचं असेल तर मैदा भुरभुरवू नये, भाजल्यावर पांढरे डाग राहतात. चिमूटभर कोको भुरभुरवावा.

सोडा घालायचा का? साच्याने कापलेल्या कुकीत मी घालत नाही. सोडा तापला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, पीठ फुगतं आणि पसरतं. शिवाय पिठाचा आम्लपणा कमी झाल्याने प्रथिनं उशिरा घट्ट होतात, म्हणजे पसरायला आणखी वेळ मिळतो. नानकटाईला हे सगळं हवंच असतं, ती पसरून वरून तडकली तरच नानकटाई. कोकोच्या रंगाचं गुपितही याच्याशी जोडलेलं आहे. नैसर्गिक कोको आंबट आणि फिकट तपकिरी असतो. एकोणिसाव्या शतकात हॉलंडच्या व्हॅन हाऊटेन घराण्याने तो अल्कलीने धुण्याची रीत काढली, तेव्हापासूनचा 'डच' कोको गडद आणि सौम्य. सोडा नसलेल्या कुकीत दोन्ही चालतात, मला डच जास्त आवडतो.

ओव्हन १७० अंशांवर पूर्ण तापल्यावरच ट्रे आत जायला हवा, कारण तो तापेपर्यंतचा प्रत्येक मिनिट वितळणाऱ्या बटरच्या बाजूने जातो. भाजताना मैदा-दुधातली प्रथिनं आणि साखर यांच्यात जी क्रिया होते तिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ साली केलं. पावाच्या कडेचा आणि भाजलेल्या खव्याचा वास त्याच कुळातला. साध्या कुकीत ही क्रिया रंगावरून कळते. चॉकलेट कुकी आधीच काळी, त्यामुळे डोळ्यांवर विसंबता येत नाही. आम्ही बाराव्या मिनिटाला वास घेतला आणि एका चांदणीची कड उलथन्याने उचलून पाहिली. ती न वाकता उचलली गेली. अठराच्या अठरा चांदण्यांना पाच-पाच टोकं होती. भाचीने ती खरंच मोजली.

मधला भाग अजून मऊ होता, आणि ती घाबरून ट्रे परत आत ठेवायला निघाली. तेवढं करू नये. गरम कुकीत साखरेचा पाक असतो, तो निवताना काचेसारखा टणक होतो आणि कुरकुरीतपणा तिथून येतो. घाईने डब्यात भरल्या तर आणखी एक गोष्ट घडते. कड कोरडी आणि मध्य ओलसर असतो. काही तासांत ओलावा मध्यातून कडेकडे सरकतो, कड फुगते, मध्य आकसतो आणि कोणी हात न लावता कुकीला तडा जातो. जाळीवर पूर्ण निवू दिल्या तर हा ताण पुष्कळ कमी होतो.

त्यातल्या काही चांदण्या मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या होत्या. जुलैत बडोद्यावर पाऊस आला, डबा दोन-चारदा उघडला गेला आणि त्या सादळल्या, कारण साखरेची ती काच हवेतलं पाणी शोषून घेते. दीडशे अंशांवर पाच मिनिटं ठेवून बाहेर काढल्या. पाणी उडालं, पण हातात आल्या तेव्हा मऊच होत्या. दहा मिनिटं निवल्यावर पुन्हा कुरकुरल्या. भाचीला फोन करून तेवढं सांगितलं.