ओठावरचा वण आणि उसनी निगा

वरचा ओठ नाकाकडे उचलून घेण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे लिप लिफ्ट, ब्राझीलमधल्या शल्यविशारदांनी १९७१ मध्ये मांडली. नाकाच्या बुडाशी बैलाच्या शिंगांसारखा वळणदार छेद घ्यायचा, त्वचेची काही मिलिमीटर रुंद पट्टी काढायची आणि कडा जोडायच्या. छेद नाकपुडीच्या उंबऱ्यात, म्हणजे तिच्या तळाच्या कडेत लपेल, हा हिशेब. तो चुकला तर वण चेहऱ्याच्या ऐन मध्यावर उरतो, म्हणून बरीच वर्षं अनेकांचा हात आखडताच राहिला.

वण कसा पडेल हे त्वचेच्या ताणावर अवलंबून असतं, हे फार आधी ठाऊक होतं. व्हिएन्नातल्या एका शरीररचनातज्ज्ञाने १८६१ मध्ये मृतदेहांवर गोल टोच्याने भोकं पाडली. ती लांबट झाली आणि त्यांच्या दिशेवरून त्वचेच्या ताणरेषांचे नकाशे निघाले. टाके निघाल्यानंतर काय करायचं, याचा पद्धतशीर विचार मात्र गेल्या साठेक वर्षांतला. आज ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर जे सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक शरीराच्या दुसऱ्याच भागांवरून उसनं आणलेलं आहे.

जखम कोरडी राहू द्या, खपली धरू द्या, हा जुना सल्ला १९६२ मध्ये मोडला. डुकरांच्या त्वचेवरच्या एका प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने आली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यातलं पेट्रोलियम जेलीचं बोट मागे शोधत गेलं की इथे पोचतं.

सिलिकॉन आलं भाजलेल्या रुग्णांकडून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात भाजल्याच्या वणांवर दाबपट्ट्यांखाली सिलिकॉन जेलच्या चकत्या ठेवल्या जात. दाब नसतानाही वण मऊ पडतात, हे लवकरच ध्यानात आलं. त्यामागचं सर्वात मान्य स्पष्टीकरण साधं आहे: चकती त्वचेतलं पाणी उडू देत नाही आणि ओलावा टिकला की कोलाजेनचा, म्हणजे वण बांधणाऱ्या प्रथिनाचा, अतिरेक आवरतो.

वाद आहे तो पुढच्या पायरीचा. २००२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सिलिकॉनच्या चकत्यांना पहिल्या पसंतीचं स्थान दिलं. शिफारस ठाम होती, तिच्याखालचा पुरावा तेवढा नव्हता. उपलब्ध चाचण्यांचे पद्धतशीर आढावे नंतर निघाले. २०१३ च्या आढाव्याने पुरावा कमकुवत ठरवला आणि २०२१ च्या आढाव्यातही अनिश्चितता फिटली नाही. तोवर सिलिकॉन जगभरच्या सूचनापत्रकांत पक्कं बसलं होतं. माझ्या मते खरी अडचण पुराव्याच्या वजनापेक्षा त्याच्या पत्त्याची आहे. या चाचण्या मुख्यतः फुगणाऱ्या, जाड वणांच्या. नाकाखालचा वण सहसा त्या जातीचा नसतो. त्याचं दुखणं वेगळं: तो रुंदावतो, लाल राहतो, बारीक खाच धरतो किंवा नाकपुडीचा उंबरा खाली ओढतो. ओढलेला उंबरा कुठल्याही जेलने वर जात नाही. ती गोष्ट छेदाच्या जागी आणि आतल्या टाक्यांतच ठरलेली असते.

शिवाय ओठ हलतो. आरशासमोर उभं राहून चकतीची बोटाच्या पेराएवढी अरुंद पट्टी कापायची, नाकाखाली वळणावर बसवायची, आणि दोन वाक्यं बोलली की एक कड सुटते. सर्दी असेल तर विचारूच नका. दिवसातून १२ तासांहून अधिक लावा, ही सूचना छातीवरच्या किंवा हातावरच्या वणासाठी ठीक आहे. ट्यूबमधलं आपोआप सुकणारं जेल चेहऱ्यावर जास्त चाललं, ते म्हणूनच.

मराठीत यात शब्दाचाही घोळ भरतो. ‘व्रण’ म्हणजे उघडी जखम आणि ती भरल्यावर उरलेली खूणही. बोलीतला ‘वण’ त्याच शब्दाचा झिजलेला भाऊ, पण तो फक्त खुणेचा. ‘व्रणावर जेल लावा’ असं वाचून कुणी ते टाक्यांवरच लावलं तर दोष वाचणाऱ्याचा म्हणता येणार नाही. सिलिकॉन जखम पूर्ण मिटल्यावरचं, खपली गेल्यावरचं.

बाकीची उसनवारीही अशीच. कागदी चिकटपट्टीने वणावरचा ताण कमी होतो, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं ते सिझेरियनच्या वणांवर. वणाची लाली उतरवणारा रंगद्रव्य लेझर (प्रकाशाची तरंगलांबी ५८५ नॅनोमीटर) १९९५ मध्ये नावाजला गेला तो छातीच्या मध्यभागी असलेल्या वणांवर. ‘ई’ जीवनसत्त्वाची कुपी फोडून लावण्याची सवय मात्र कोणत्याच चाचणीतून आलेली नाही. १९९९ मध्ये १५ जणांवर ती तपासली तर बहुतेकांना एक तर फरक पडला नाही किंवा वण आणखी वाईट दिसला, आणि तिघांतल्या एकाच्या त्वचेला त्रास झाला. कुप्या आजही फुटतातच.

काळाचा हिशेबही गैरसमजाचा. तिसऱ्या आठवड्यात जोडलेल्या त्वचेत मूळ ताकदीच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश ताकद असते, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि त्याच्या फारशी वर ती जात नाही. महिना-दीड महिन्याला वण आधीपेक्षा लाल आणि कडक वाटतो. तेव्हा आतमध्ये बांधकाम जोरात असतं, शस्त्रक्रिया बिघडलेली नसते. वण पुन्हा दुरुस्त करायचा तर वर्षभर थांबण्याचा प्रघात यातूनच पडला.

वरच्या ओठावरच तपासलेला एक उपाय २०१४ मध्ये पुढे आला. जन्मतः दुभंगलेला ओठ शिवताना भोवतालच्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे स्नायू सैल करणारं बोटॉक्ससारखं औषध, दिलं तर बाळांच्या वणाची रुंदी कमी भरली, कारण स्नायू काही महिने ओढत नाही. सौंदर्यशस्त्रक्रियेत तो उपाय हलक्या मात्रेने वापरला जातो. मात्रा चुकली की प आणि ब म्हणताना ओठ मिटत नाहीत, आणि स्ट्रॉमधून पाणीही ओढता येत नाही.