गाठीविना टिकणारा मोजा

हर्णै बंदरात फाटलेलं जाळं सांधणाऱ्या माणसाचे हात निरखून बघा. दर आसाला, म्हणजे जाळ्याच्या प्रत्येक डोळ्याला, गाठ बसते. एक आस तुटला तरी शेजारचे जागच्या जागी राहतात, कारण गाठ दोऱ्याला सरकू देत नाही. लोकरीच्या पायमोज्यात नेमकं उलट आहे. सुरुवातीची नि शेवटची टोकं सोडली तर अख्ख्या मोज्यात गाठच नाही. एका फासातून ओढलेला दुसरा फास, त्यातून तिसरा, एवढंच. म्हणून तर एक टाका सुईवरून निसटला की सरळ खालपर्यंत उसवत जातो.

कोकणात मोजे घालतंय कोण, असं कुणी विचारेल. इथे नाही घालत. पण रत्नागिरी-रायगडातली कितीतरी मुलं जहाजावर आहेत, आणि उत्तरेकडच्या समुद्रात डेकवर उभं राहायचं तर पाय गरम लागतात. पडवीत बसून त्यांच्यासाठी विणणारी आई किंवा आजी हातांनी काय साधते, ते समजून घेण्यासारखं आहे.

मागावरच्या कापडात धागे जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे ते फारसं ताणलं जात नाही. विणलेल्या मोज्यात धागा सतत वळलेला असतो. पाय घातला की वळणं थोडी उलगडतात, काढला की पुन्हा मिटतात. धागा स्वतः जेमतेम ताणला जातो, लांबी वळणांतून मिळते. घोट्याच्या वरच्या पट्टीत दोन सुलट, दोन उलट असं विणतात तेही याचसाठी. सुलट टाक्यांच्या रांगा पुढे येतात, उलट मागे सरतात, पट्टी आपोआप आक्रसते आणि पोटरीला धरून बसते. इलास्टिक लागत नाही.

खरं कौशल्य टाचेत आहे. समजा, मोजा 64 टाक्यांवर चालला आहे. टाचेपाशी त्यातले 32 बाजूला घेऊन मागची पट्टी विणतात. मग ओळ पूर्ण न करता मध्येच वळायचं, परत यायचं, पुन्हा वळायचं, आणि दर वळणाला दोन टाके एकत्र घ्यायचे. यामुळे मधल्या टाक्यांवर ओळी जास्त पडतात, कडेला कमी. मधल्या जास्तीच्या विणीला सपाट पसरायला जागा नसते, म्हणून ती फुगते आणि टाचेच्या आकाराची वाटी तयार होते. शिंप्याला हा गोलवा आणायला कापड कापून शिवण घालावी लागते. इथे कात्रीच लागत नाही. हे विणणाऱ्या बाईला भूमिती येत नाही, असं म्हणायची माझी तरी हिंमत होणार नाही.

आता लोकर. तिचा तंतू केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा, आपल्या केसांसारखाच, पण नैसर्गिकरीत्या नागमोडी. त्या नागमोडीमुळे तंतूंमध्ये हवा अडकते आणि ऊब टिकते. तंतूच्या बाहेरच्या थरावर स्निग्ध पदार्थ असतो, तो पाण्याचे थेंब सहज आत जाऊ देत नाही. पण वाफ तंतूवरच्या बारीक खवल्यांच्या फटींतून आत शिरते. पावसात घोंगडीची खोळ घेऊन लावणी करणाऱ्यांना हा गुण चांगला ठाऊक होता. साधारण 65 टक्के आर्द्रतेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 15 टक्के पाणी धरते, सुती कापड 7-8, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आपल्याकडच्या आषाढात लोकरीतलं पाणी 20 टक्क्यांच्या पुढे जातं, तरी ती हाताला ओली लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. वाफेचे रेणू केरॅटिनला चिकटताना उष्णता बाहेर पडते. जहाजाच्या कोरड्या, तापवलेल्या केबिनमधून दमट थंडीत बाहेर आलं की मोजा वाफ ओढू लागतो आणि स्वतःच किंचित तापतो. लोकर पुरेशी ओलावली की हे थांबतं, पण अंगावर येणाऱ्या गारठ्याचा पहिला तडाखा तोवर ओसरलेला असतो.

मात्र बाजारात लोकर म्हणून मिळणारी लड पुष्कळदा अॅक्रिलिकची असते. ती दिसायला मऊ, पण वाफ फारशी धरत नाही. छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो.

खरी लोकर धुताना गरम पाणी आणि घासणं टाळाच. तंतूवरचे खवले एकाच दिशेला असतात. साबण, ऊब आणि चोळणं एकत्र आलं की तंतू एकमेकांत पुढे सरकतात, मागे फिरत नाहीत. मोजा आटतो तो कायमचा. कोमट पाण्यात दाबून धुवा, टॉवेलात गुंडाळून पाणी काढा, आडवा पसरून वाळवा. पावसाळ्यापूर्वी कडक उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कसरीच्या अळ्यांना केरॅटिन पचवता येतं, आणि घामाचे डाग राहिलेली लोकर त्यांना जास्त आवडते, त्यामुळे धुतल्याशिवाय मोजा डब्यात टाकू नका.